पेन्सिलीतली यमुना

सुधा,

काल तुझं तेरावं झालं. जेवण व्यवस्थित झालं, श्रीखंड तुला आवडायचं तसं कमी गोड होतं, आणि तुझ्या फोटोचा हार माझ्या मते जरा जास्तच जाड होता. मी गेल्यावर इतका जाड हार कोणी आणणार नाही, असं माझ्या मनात आलं आणि मग मला माझीच लाज वाटली. म्हणजे थोडी वाटली. शेहेचाळीस वर्षं मी तुझा हेवा केलाय. इतकी जुनी, इतकी नियमित अशी माझी दुसरी सवय नाही. चहासुद्धा मी मध्ये वर्षभर सोडला होता.

येणारे-जाणारे म्हणत होते, "दोघी जावा, पण सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या हो." मी मान हलवत होते. सख्ख्या बहिणींमध्ये काय काय चालतं ते या लोकांना माहीत नसावं.

आता सगळे गेलेत आणि मी तुझ्या पूनम सागरच्या घरी, तुझ्याच टेबलाशी बसून लिहितेय. तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. पंधरा दिवसांपूर्वी हॉस्पिटलात सांगायला आले होते आणि तुझे केस विंचरून परत गेले. ती सांगायची तर तुझ्या लग्नापासून सुरुवात करावी लागेल. हेव्याची सुरुवातही तिथलीच.

परळची दोन खोल्यांची आपली जागा. लक्ष्मीपूजनाचं ताट, ताटात पसरलेले तांदूळ, आणि दिलीप भाऊजी अंगठी हातात धरून बसलेले. सासूबाईंनी तुझं नाव ठरवून ठेवलं होतं, 'वासंती'. आणि तू, नवी नवरी, मान वर करून म्हणालीस, "आई, सुधाच राहू द्या ना. नोकरीत सगळीकडे तेच लागलंय. आणि मला हाक ऐकूच येणार नाही."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या! "बरं बाई, सुधा तर सुधा." झालं. एवढंच लागत होतं.

ताट धरून मी उभी होते. एकोणतीस वर्षांची, नाकात जड नथ आणि डोक्यात भुसा. नऊ वर्षांपूर्वी त्याच ताटात यांनी माझं नवं नाव लिहिलं होतं, 'शुभदा'. माहेरचं नाव जुनाट वाटतं म्हणे. तेव्हा मी काय केलं असेल? खाली वाकून ते नाव वाचलं आणि मनातल्या मनात दोनदा घोकलं, उद्या कोणी हाक मारली तर चुकायला नको म्हणून. शाळेत पाढे घोकावेत तसं. इतकी आज्ञाधारक, इतकी बावळट मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. आणि तुझ्या लग्नात त्या बावळट मुलीने सूड कसा उगवला? ताट हळूच तिरकं केलं. तांदूळ घसरले, 'सुधा' विस्कटलं. मी म्हटलं, "अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या, "असू दे, परत लिही रे दिलीप." म्हणजे माझ्या कृपेने तुझं नाव दोनदा लिहिलं गेलं.

पुढे आपण सगळे परळ सोडून इकडे, मुंबईबाहेरच्या नव्या वसाहतीत आलो. तुम्ही पूनम सागरला, आम्ही सिल्व्हर पार्कला. भांडून निघालं तर घरी पोचेपर्यंत राग टिकेल एवढंच मधलं अंतर. तू तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, मी घरात. तुझ्या साडीला जुन्या कागदांचा वास, माझ्या साडीला फोडणीचा. तू रिटायर झालीस तेव्हा मला वाटलं, चला, आता ही माझ्या बरोबरीला आली. पण तुझा निखिल अमेरिकेत. त्याची बायको केटी अमेरिकन. आणि केटीची आजी रूथ, वय अठ्ठ्याऐंशी. तिने तुला नवीनच नोकरी लावून दिली.

रूथला आपलं घराणं शोधायचं होतं. तिचे पूर्वज, हॉलिस आडनावाचे, डोंगर ओलांडून पश्चिमेच्या जंगलात गेलेले अगदी सुरुवातीचे लोक. नदीकाठी झाडं तोडून ओंडक्यांचं घर बांधलं, मका पेरला, वगैरे. पुरुषाचं नाव सगळ्यांना पाठ, जोसाया. पण त्याच्याबरोबर बैलगाडीतून आलेली, जंगलात नऊ बाळंतपणं काढलेली त्याची बायको कोण? पत्ता नाही. घरच्या बायबलच्या ज्या पानावर ते लोक जन्म-मृत्यू लिहून ठेवायचे, ते पान उंदरांनी खाल्लं. नवऱ्याच्या मृत्युपत्रात नुसतं 'माझ्या प्रिय पत्नीला एक गाय, एक पलंग आणि चरखा.'

"प्रिय आहे तर नाव लिहायला काय झालं होतं मेल्याला!" मी म्हटलं.

"गायीचं लिहिलंय बघा, वहिनी," तू म्हणालीस. "गायीचं नाव डेझी."

त्या दिवसापासून तू त्या बाईच्या मागे लागलीस. सकाळी तुझा फोन लावावा तर 'वहिनी, रूथशी बोलतेय, नंतर करते.' दुपारी मी वाल भिजवून, मोड आणून, सोलायला म्हणून तुझ्याकडे घेऊन यायचे, तर तू एका हाताने वाल सोलतेस आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर दोनशे वर्षांपूर्वीचे कागद सरकवतेस. साली वालातच. मी कुरकुरले की म्हणायचीस, "वहिनी, माणूस हरवला की त्याची जमीन शोधायची. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते बघत बघत माणसापर्यंत पोचता येतं. आपले फेरफार आणि त्यांचे कागद, सगळं एकच आहे हो." जगात सगळीकडे एकच तहसील कचेरी आहे अशी तुझी खात्री होती.

आणि तो तुझा नियम! एक पुरावा मिळाला तर नाव पेन्सिलीने. दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला पुरावा मिळाला तरच शाई. रूथ बिचारी रडकुंडीला यायची. "सुधा, प्लीज, शाईने लिही ना, मी फार दिवस थांबणार नाही." तू म्हणायचीस, "नो, रूथ. पेन्सिल."

मी मुद्दाम तुझ्या मागून झारा हातात घेऊन फिरायचे, म्हणजे रूथला मी पडद्यावर दिसेन. एकदा रूथने विचारलंच, ती कोण? तू मागे न बघता म्हणालीस, "माय एल्डर सिस्टर." मराठीत कधी म्हणाली नाहीस ते. मी झारा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी आपटली.

मग ती दुपार आली. तू ओरडलीस, "वहिनी, सापडली!" मला वाटलं, पाल.

जमीन विकल्याचा कागद होता. तू मला समजावून सांगितलंस. तिकडे तेव्हा नवऱ्याला जमीन विकायची असली तर बायकोची संमती लागायची. आणि ती घेताना अधिकारी नवऱ्याला बाहेर पाठवायचा, बाईला एकटीला बसवून विचारायचा, बाई, कोणी जबरदस्ती तर केली नाही ना? तू हे स्वखुशीने करतेस ना? मग तिचं उत्तर लिहायचा. त्यात तिचं नाव होतं. मर्सी. सही येत नव्हती म्हणून खाली फुली.

"हे लग्नानंतरचं नाव असेल," मी म्हटलं. "माहेरचं काय होतं?"

"त्यांच्यात आडनाव जातं, वहिनी. नाव तेच राहतं."

"जंगलात सुद्धा?"

"जंगलात सुद्धा."

माझ्या हातातला वाल वाटीत पडायचा तो जमिनीवर पडला. सहीसुद्धा न येणारी ती जंगलातली बाई, तिला नवऱ्याला बाहेर काढून कोणीतरी विचारलं होतं. मला त्या परळच्या ताटासमोर कोणी विचारलं? तू डोळे पुसत होतीस, मी म्हटलं, "वाल नीट सोल, साल राहतेय." आता मी दोघींचा हेवा करत होते, एक पूनम सागरची आणि एक मेलेली.

पुढे आणखी एक कागद मिळाला आणि मर्सी शाईत गेली. तू हवेत. बाजारात हिराबाईकडे, ती बाजूच्या मोरवा गावातून मासळी आणून बसते ना, तिच्यासमोर तू मला सांगायला लागलीस, "वहिनी, आपण तरी वेगळे कोण? चाळीस वर्षांपूर्वी इथे काय होतं? चिखल आणि मिठागरं. चपला पिशवीत घालून चालायचो. पाण्याचा टँकर आला की धावायचो. आपणच इथले पहिले."

हिराबाईने कोयता खाली ठेवला. "पयले तुमी? मंग माजा आजा मिठागरावर राबत व्हता तो कोन? आमी मानसं न्हाय काय? आमी हितलेच हाय गो बाय, तुमी मागनं आलाव."

मला इतका आनंद झाला की मी बोंबलाचा आणखी एक वाटा घेतला. पण तू घरी गेलीस आणि त्याच दिवशी रूथला विचारलंस, हॉलिस यायच्या आधी त्या नदीकाठी कोण राहायचं? रूथचा दोन आठवडे फोन नाही. मग एक दिवस आला. म्हणाली, "होते. घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही ते कधी बोललो नाही." तू तेही चार्टवर, अगदी वर, लिहिलंस. खोडरबर हातात असूनही तुला सोयीचं खोडता आलं नाही कधी. मला छान जमलं असतं.

आणि एवढं सगळं झाल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "वहिनी, आता आपलं घर." नवा मोठा कागद, वर रिकामा चौकोन. आपल्या घराण्याची छापील वंशावळ तुझ्याकडे होती, बापे मोजून घ्यावेत. बायका शून्य. ज्या बाईने दोन मुलं घेऊन कोकणातून गलबताने मुंबई गाठली, जिच्यामुळे आपण सगळे इकडचे झालो, तिच्या जागी एक आडवी रेघ. "सासूबाई शेवटची सहा वर्षं तुमच्याकडे होत्या. कधी बोलल्या असतील. त्या बाईचं नाव काय होतं?"

घरात आपण दोघीच होतो. वालाची वाटी मध्ये. तू पेन्सिल उचललेली. मला खरं म्हणजे काही माहीत नव्हतं. आणि मी म्हटलं, "यमुना."

माझं माहेरचं नाव. परळला आल्यापासून मला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. मारणारी माणसंही एकेक करून गेली. तू सहज लिहिलंस, य-मु-ना, त्या वरच्या चौकोनात, सगळ्या बाप्यांच्या डोक्यावर. काय सांगू तुला काय वाटलं ते! चोरून पेढा खावा तसं.

"सासूबाई कधी म्हणाल्या?"

"आजारपणात."

"आणखी काही?"

आणखी? मग मी सुटलेच. वर्षभर तू विचारत राहिलीस आणि मी त्या बाईला माझं सगळं देत राहिले. ती डावखुरी होती. कारल्याची भाजी तिला आवडायची. गलबत हाकणाऱ्या उद्धट तांडेलाला तिने उलथन्याने मारलं. (हे मला करायचं होतं, राहून गेलं.) आणि तिला शीळ घालता यायची. तू सगळं गंभीरपणे वहीत उतरवून घ्यायचीस. फक्त म्हणायचीस, "दुसरा पुरावा मिळत नाही, वहिनी. यमुना पेन्सिलीतच आहे."

"मी सांगतेय ते पुरे नाही? मी काय कोर्टात उभी आहे?"

"मर्सीलासुद्धा दोन लागले."

हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. मी दोनदा रुसून घरी गेले. खोटं बोलून वर रुसायचं, याला अंगात हुन्नर लागतो.

मग तुझं हृदय कुरकुरायला लागलं आणि तू हॉस्पिटलात. तिथेच निखिलचा फोन आला, मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, "नाव ठरलं. मर्सी यमुना. दोन्हीकडची."

गंमत होती तोवर ठीक होतं. आता एका जिवंत पोरीला ते खोटं आयुष्यभर वागवायचं होतं. आणि खरं सांगू? खोट्याची टोचणी होतीच, पण त्याहून जास्त हेवा होता. जी बाई कधी नव्हतीच, जी मी वाल सोलता सोलता बनवली, तिच्या नावाने अमेरिकेत पेढे वाटले जाणार. माझंच नाव, आणि मान तिचा! स्वतःच्या नावाचा हेवा करणारी बाई तू पाहिली होतीस का?

सांगायचंच ठरवून मी दोन दिवसांनी आले. तू उशीला टेकून बसली होतीस. भाऊजी औषधं आणायला गेले होते. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस आणि विचारलंस, "वहिनी, काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "केस किती गुंतलेत बघ." आणि फणी घेतली.

तू हसलीस. मला वाटलं, केस ओढले जातायत म्हणून. नंतर म्हणालीस, "एकदा शीळ घाला ना."

"हॉस्पिटलात? वेड लागलंय का? आणि मला कुठे येते!"

"परळच्या गच्चीवर घातली होतीत. पापड वाळत घालताना. मी जिन्यात उभी होते."

मी म्हटलं, तुला भास झाला असेल. वेणी घातली आणि आले निघून. पुढचा फोन भाऊजींचा, आणि मग मी आले तेव्हा ती वेणी तशीच होती.

काल सगळे पांगल्यावर निखिलने माझ्या हातात तुझी फाईल दिली. "मोठी आई, आईने सांगितलं होतं, ही तुलाच द्यायची." तो इथे, केटी आणि बाळ तिकडे, विमानाने आणायला बाळ फार लहान. फाईल मी रात्रभर उघडली नाही. आज सकाळी उघडली.

आपल्या घराचा तो मोठा कागद. सगळ्यात वरचा चौकोन रिकामा. चष्मा लावून बघितलं तर खोडलेलं दिसतं; यमुना तिथे होती, तिला काढलंय. बाजूला तुझं ते कचेरीतलं अक्षर, 'नाव सापडलेलं नाही. शोध चालू ठेवावा.'

पकडले गेले होते. पंच्याहत्तराव्या वर्षी कान गरम झाले.

मग बोट खाली खाली आणलं. आजेसासरे, सासरे, आणि यांच्या नावाशेजारी माझा चौकोन. त्यात शुभदा असायला हवं होतं. शाईने लिहिलंय, यमुना. खाली बारीक पेन्सिलीने, 'लग्नानंतर शुभदा म्हणत.'

पुढे, तुझ्या नियमाप्रमाणे:

'पुरावा पहिला. लग्नपत्रिका, सासूबाईंच्या ट्रंकेत मिळाली, सोबत जोडली आहे.' होती जोडलेली. पिवळी पडलेली, कोपऱ्याला हळद. चि. सौ. कां. यमुना.

'पुरावा दुसरा. बाईने स्वतः सांगितलं. विचारलं तेव्हा घरात दुसरं कोणी नव्हतं. स्वखुशीने सांगितलं.'

आणि कागदाच्या तळाशी, अगदी ताज्या शाईचा चौकोन, हॉस्पिटलातच लिहिलेला असणार, अक्षर थोडं वाकडं. 'मर्सी यमुना. केटीकडच्या मूळ बाईवरून, आणि मोठ्या आजीवरून.'

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. तांडेल, उलथनं, कारली, सगळं तू मान डोलवत लिहून घेतलंस, कारण तू त्या बाईची माहिती गोळा करतच नव्हतीस. माझी करत होतीस. इतकी वर्षं मला वाटत होतं या घरात खोडकर मी आहे. यातही तू पुढे गेलीस, आणि उत्तर द्यायला मला कोणी ठेवलं नाहीस. हे मात्र बरोबर केलं नाहीस, सुधा. भांडायला दहा मिनिटांवर कोण आहे आता?

मी रडले. नंतर पत्रिकेवरची हळद नखाने खरवडून बघितली, अजून सुटत नाही.

तेवढ्यात निखिलच्या फोनवर केटीचा व्हिडिओ कॉल आला. बाळ किंचाळत होतं, केटी दमलेली, तिला खांद्यावर घेऊन थोपटत होती. "यामूना, यामूना, शांत हो." त्या नावाने मला शेवटचं कोणी बोलावलं होतं ते आठवत नाही, पण तोंडातून 'ओ' निघून गेली. निखिल माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि शीळ घातली. पहिली नुसती हवाच गेली, दात बसवलेले आहेत ना. दुसरी नीट वाजली.

पोरगी गप्प झाली. इकडे तिकडे बघितलं आणि हसली. निखिल म्हणतो, एवढ्या लहान बाळाचं हसणं खरं नसतं, पोटात वायू असतो. त्याला काय कळतंय! तुझी नात माझ्या शिळेवर हसली, माझं नाव लावून. आणि तू ते बघायला इथे नाहीस.

आता थोडे दिवस तू माझा हेवा कर.

तुझी वहिनी,
यमुना